करंगळीच्या मुळाशी

माझं तोंड सुटलं की कुंभारवाड्यातली कुत्रीसुद्धा वाट बदलतात, असं आमचे हे म्हणायचे. खोटं नाही ते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली तीस मी बोलण्यातच घालवली असतील. आणि जेव्हा एक शब्द बोलायचा होता, नुसतं 'थांबा' म्हणायचं होतं, तेव्हा मी दात आवळून ओट्यावर बसून राहिले. लोक म्हणतात, जयमालाकाकू, झालं गेलं गंगेला मिळालं. कसलं गंगेला मिळतंय? रोज माझ्या डोळ्यांपुढं कुबड्या घेऊन चालतंय ते.

आमचे हे म्हणजे हणमंत कुंभार. आमचं गाव तालुक्यापासून बारा किलोमीटरवर. प्लॅस्टिकच्या बाटल्या खऱ्याखुऱ्या बंद झाल्या आणि ऊन शिवरात्रीलाच डोक्यावर बसायला लागलं, तेव्हापासून कुंभाराला पुन्हा बरे दिवस आले. गावोगावचे लोक माठ मागायला यायचे. माती मळायचं यंत्र आता सगळ्यांकडं आहे, पण हे पायानंच तुडवायचे. यंत्राला खडा कळत नाही म्हणायचे. माती भिजवायची, राख आणि लीद घालायची, आणि अनवाणी पायानं तासन्‌तास तुडवायची. तुडवताना तळपायाला खडा लागतो, तो वाकून उचलायचा आणि फेकायचा. एक चुनखडीचा खडा जरी राहिला, तरी आव्यात, म्हणजे भट्टीत, भाजताना तिथंच माठ फुटतो. आणि चिखलात चप्पल घालून उतरायचं नाही हा आमच्यातला रिवाज. ज्या मातीवर पोट भरतं तिला चामडं लावायचं नाही.

त्या वर्षी एका आव्यातले चाळीसपैकी चौदा माठ फुटले. फुटलेल्या प्रत्येक माठात खडा.

"अहो, पाय होते का तिथं, की देवाला वाहिले होते?" मी म्हटलं.

"लागलाच नाही गं पायाला," हे म्हणाले, आणि आपल्या तळपायाकडं असे बघत बसले जसं शेजाऱ्याचं काही उसनं आणलंय.

पंधरा दिवसांनी आवा उकलताना मला जळकट वास आला. बघते तर यांचा उजवा पाय निखाऱ्यावर, आणि हे आरामात माठ मोजतायत. मी किंचाळले तेव्हा कुठं पाय उचलला. साखरेचा आजार आठ वर्षांपासून होता. गोळी घ्यायचे, चहात साखर टाळायचे, आणि लग्नात जिलबी दिसली की मला दुसरीकडं बघायला सांगायचे. चालायचंच म्हणून आम्ही दोघांनी सोडून दिलं होतं.

तालुक्याच्या दवाखान्यात पायांच्या डॉक्टर होत्या, नाझनीन बागवान. तरुण बाई, पण तोंड माझ्यासारखंच. त्यांनी यांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक दोरा तळपायाला दहा ठिकाणी टोचला. लागलं की 'हो' म्हणायचं. हे दोनदा 'हो' म्हणाले. त्यातलं एकदा तर दोरा लागलाच नव्हता.

"काकू, असं बघा," डॉक्टरांनी मला भिंतीवरचं चित्र दाखवलं. "दोन्ही पायांत मिळून बावन्न हाडं असतात. अंगातल्या सगळ्या हाडांचा चौथा हिस्सा. एवढी हाडं, सांधे, स्नायू, बंध एकमेकांना सांभाळून सगळं वजन उचलतात, कारण तळपाय क्षणाक्षणाला वर खबर देतो. इथं टोचतंय, इथं भार जास्त होतोय, इथं गरम आहे. ती खबर नेणारा तंतू कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जातो. अंगातला सगळ्यात लांब तंतू तो. साखर त्याला टोकाकडून मारत येते."

"म्हणजे पाणी कमी झालं की शेवटच्या घरचा नळ आधी कोरडा पडतो, तसं," मी म्हटलं.

"अगदी तसंच. आणि काकू, पाय दुखत नाही हे चांगलं नाही. दुखणं हा पायाचा राखणदार आहे. तो गेला की चोराला रान मोकळं. छोटीशी जखम होते, माणूस तिच्यावरच चालत राहतो, ती आत हाडापर्यंत जाते. आणि मग आम्हाला कापावं लागतं."

यांनी दोन्ही पाय जवळ ओढले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, पाय गेला तर माती कोण तुडवणार?"

त्यावर त्यांनी ते नवीन यंत्र काढलं. यंत्र कसलं, कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा. तळपायाला चिकटवला की पंधरा दिवस धुतलं, घासलं तरी निघत नाही. त्याला नाव होतं पायसाल. त्यात हजारो बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला दाब, ऊन, गारवा, टोच सगळं कळतं. पण कळून करायचं काय? यांचे तंतू तर मेलेले. खबर न्यायची कुठं?

"सुरुवातीला आम्ही पेशंटच्याच पोटावर दुसरी पट्टी लावायचो," डॉक्टर म्हणाल्या. "पायाची टोच पोटाला कळायची. दोन महिन्यांत पेशंट सरावले. माणूस स्वतःच्या दुखण्याला फार लवकर सरावतो हो काकू. फोनवर घंटा वाजवून बघितली, ती तर आठ दिवसांत बंद करून टाकायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की पट्टी घरच्या माणसाला लावून बघू. तेव्हापासून जखमा दहावरून दोनवर आल्या. पेशंट गप्प बसतो, पण घरचं माणूस गप्प बसत नाही."

"ही तर मुळीच बसायची नाही," हे म्हणाले आणि खूप दिवसांनी हसले.

तशी मी यांची सहवेदक झाले. हे सरकारी नाव. सोबत दुखणारी. माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर दोन पट्ट्या लागल्या, टाच वर आणि बोटं खाली अशा. पायाची खबर फोनच्या जाळ्यावरून यायची, माणूस कितीही लांब असो. पहिले आठ दिवस पोटरीला नुसत्या मुंग्या आल्या. मग काय झालं कोण जाणे, डॉक्टर म्हणाल्या मेंदू शिकतो, पण एका सकाळी मी भाकरी थापत बसले होते आणि माझ्या तळपायांना गार, ओला, मऊ चिखल लागला. बोटांच्या फटींतून वर येणारा. मी दचकून पाय वर घेतले. खाली कोरडी जमीन. बाहेर बघितलं तर हे मातीत उतरले होते.

एकतीस वर्षं या माणसाची भाकरी थापली, पण याला दिवसभर काय लागतं हे मला पहिल्यांदा कळलं.

त्यानंतरचे चार महिने फार चांगले गेले. खोटं कशाला बोलू, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा आमचं इतकं गूळपीठ नव्हतं. हे माती तुडवायला लागले की मी ओट्यावर तांदूळ निवडत बसायची आणि ओरडायची, "डाव्या टाचेखाली! नाही, जरा पुढं! अहो अंगठ्याशी हो, आंधळे झालात का?" हे वाकून खडा काढायचे आणि मला दाखवायचे. सगळा कुंभारवाडा हसायचा. म्हणायचे, हणमंताचा पाय जयमालाच्या पोटरीत. त्या उन्हाळ्यात एक माठ फुटला नाही. संध्याकाळी मी यांचे पाय कोमट पाण्यानं धुवायची, पुसायची, खाली आरसा धरून तळवे बघायची. मध्येच हे माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. या वयात लाज वाटायची मला, पण हात काढा असं मी कधी म्हटलं नाही.

मग गुरुवार सुरू झाले.

गुरुवारी तालुक्याला बाजार असतो. हे टेंपोतून माठ घेऊन जायचे आणि चारपर्यंत परत यायचे. एका गुरुवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते, आणि माझ्या तळपायांना फरशी लागली. बाजारातली नव्हे. गार, गुळगुळीत, आत्ताच पुसलेली घरातली फरशी. यांनी चप्पल काढली होती. तासभर हे तिथं होते. पुढच्या गुरुवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या गुरुवारी तर कमाल झाली. पायांवर जास्तीचा भार आला. बोटांकडं, कधी डावीकडं, कधी उजवीकडं. हे हळूहळू पावलं टाकतायत आणि भार डुलतोय. मी हातातली चादर तशीच धरून उभी. नाचतोय हा माणूस? साठीला टेकलेला, साखरेचा पेशंट, कुणाबरोबर नाचतोय?

हसू नका. तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

सात गुरुवार मी कळ काढली. माझ्यासारखीनं सात आठवडे गप्प राहायचं म्हणजे केवढं ते बघा. आठव्या गुरुवारी हे घरात शिरले तसं मी विचारलं, "कुणाच्या फरशीवर फिरून आलात?"

यांचा चेहरा पडला. "कसली फरशी?"

"माझ्या पायांना विचारा कसली. मऊ मऊ, गार गार. आणि नाचता कुणाबरोबर?"

"जयमाला, तसलं काही नाही."

"मग कसलं आहे ते सांगा की!"

यांनी चप्पल काढून भिंतीशी ठेवली. मग म्हणाले, "सांगता येत नाही. तूच बांधून ठेवलंयस मला. आणि ही पट्टी दुखणं कळायला लावलीय, माझ्यावर पहारा ठेवायला नाही."

'तूच बांधून ठेवलंयस' हे शब्द मी ऐकले, पण त्यांचा अर्थ मला उलगडला नाही. मला फक्त 'पहारा' ऐकू आलं. मी म्हटलं, "बरं. आजपासून तुमची माझी बोली बंद."

आमच्यात बायका अबोला धरतात तो काही नवा नाही. माझ्या आईनं एकदा वडिलांशी सव्वा महिना धरला होता, तोही आमटीत मीठ कमी म्हणाल्यावरून. अबोल्यात सगळं करायचं. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, अंथरूण घालायचं. फक्त बोलायचं नाही, आणि नवऱ्यानं हात जोडेपर्यंत सोडायचं नाही. संध्याकाळचं पाय धुणं आणि आरसा धरणं मी बंद केलं. पट्ट्या काढल्या नाहीत. गुरुवारी फरशी लागते का बघायचं होतं ना मला.

बुधवार उजाडला. अबोल्याचा सातवा दिवस. माती भिजून तयार होती, आणि दुसऱ्या दिवशी बाजार, म्हणून यांना घाई होती. मातीत उतरायच्या आधी हे ओट्यापाशी आले. म्हणाले, "बाकी बोलू नकोस वाटल्यास. पण खडा लागला तर सांगशील ना?"

मी मान उडवली. होही नाही आणि नाहीही नाही. यांनी हो धरलं आणि धोतर खोचून मातीत उतरले.

साडेदहाच्या पुढं असेल. डाव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी मला टच्चकन टोचलं. खड्यासारखं नव्हे ते. खडा बोथट लागतो. हे बारीक, धारदार, काचेसारखं. माझं तोंड उघडलं. 'थांबा' ओठांवर आला होता.

आणि मी तो गिळला.

काय विचार केला, ते मी स्वतःला रोज विचारते. तेव्हा एवढंच मनात आलं, की विचारू दे आधी. नेहमी विचारतात तसं 'काय गं?' एवढं म्हणू दे, मग सांगीन. यांनी माझ्याकडं बघितलं. मी तांदूळ निवडत राहिले. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं. मी मान फिरवली. यांना वाटलं, ही गप्प आहे म्हणजे काही नाही. आणि हे तुडवत राहिले. प्रत्येक पावलाला ती टोच माझ्या पोटरीत खोल जात होती. मी ओठ चावत होते. मलाच दुखतंय, मीच सोसतेय, असं वाटून मला उलट आणखी राग येत होता. जखम माझी नव्हती एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही.

दुपारी मला ती कळ सोसेना. मी न्हाणीत जाऊन दोन्ही पट्ट्या उपसल्या आणि कोनाड्यात ठेवल्या.

गुरुवारी हे बाजारला गेले. शुक्रवारी जरा लंगडले असं मला वाटलं, पण विचारणार कोण? शनिवारी दुपारी हे जेवायला उठेनात. अंग भट्टीसारखं तापलेलं. मी पायावरची चादर काढली आणि तो वास आला. डावा पाय घोट्यापर्यंत सुजलेला, करंगळीच्या मुळाशी काळं भोक. माझा अबोला तिथं सुटला. मी इतकी ओरडले की चार घरं धावत आली. पण आता ओरडून काय उपयोग होता?

डॉक्टर बागवानांनी जखमेतून करंगळीच्या नखाएवढी काच काढली. विष हाडात उतरलं होतं. रविवारी औषधं देऊन बघितली, सोमवारी दोन बोटं काढली, आणि मंगळवारी सकाळी गुडघ्याखालून पाय कापला. मी बाहेर बाकावर बसले होते.

मग एक पोरगी आली, कडेवर दोन वर्षांची लेक घेऊन. मी वर बघितलं. आमची केतकी.

तिचं सांगायलाच हवं. केतकी आमची एकुलती एक. माझ्या भावाच्या मुलाशी तिचं ठरलं होतं. मामाचा मुलगा, घरातलं घर. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि लग्नाला अठरा दिवस उरले असताना ती तिच्या ऑफिसमधल्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. दुसऱ्या जातीचा. भावानं मला दारातून हाकललं. त्या रागात मी यांना म्हटलं होतं, "त्या पोरीच्या घरी पाऊल टाकलंत तर माझं मेलेलं तोंड बघाल." चार वर्षं झाली त्याला. ती नाशिकला आहे एवढंच मला ठाऊक होतं.

"तू कशी इथं?" मी विचारलं.

"आम्ही मार्चपासून इथंच आहोत आई. माझ्या ह्यांची बदली झाली. बाबांनी दवाखान्यात माझापण नंबर देऊन ठेवला होता." ती माझ्यापासून दोन हात लांब उभी होती. "बाबा दर गुरुवारी येतात माझ्याकडं."

मी बाकावर सरकून जागा केली. ती बसली नाही.

"सानूला त्यांच्या पावलांवर उभी करून घरभर चालवतात. तिला तेच लागतं." मग तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आई, गेल्या गुरुवारी फरशीवर रक्ताचे ठिपके पडले. मी म्हटलं, बाबा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. तर म्हणाले, काही नसेल गं, मातीचा लालसर रंग असेल. लागलं असतं तर तुझ्या आईला कळलं असतं. तिनं सांगितलं असतं."

एवढं ऐकून मी उठले आणि नळाखाली जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. किती वेळ ते आठवत नाही.

दुपारी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. पडद्यावर एक रेघ होती आणि तिच्यात एक उंच टोक. "बुधवार, दहा बेचाळीस," त्या म्हणाल्या. "पायसालीनं टोच पकडली, पट्टीला पाठवली, पट्टी तेव्हा तुमच्या अंगावर होती. अडीच वाजता काढलीत. काकू, पट्टी बिघडली होती का?"

"हो," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

"मी इथूनच तपासली ती सकाळी. चांगली आहे." त्यांनी पडदा बंद केला. "या सरकारी योजनेत असे आठ हजार जोडीदार आहेत. आम्ही तंतूंचा सगळा अभ्यास केला. कुठला दाब किती, कुठलं ऊन किती. पण घरचं माणूस भांडलेलं असेल तर काय, हे कुणी विचारलंच नाही. चूक आमचीपण आहे."

त्यांनी असं म्हटल्यावर मला जास्तच लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाच दिवसांनी यांना उशीला टेकवून बसवलं. केतकी लेकीला घेऊन बाहेर गेली होती. मी कॉटजवळ खाली बसले. यांच्या समोर वर बसायची माझी छाती झाली नाही.

"अहो," मी म्हटलं, "मला कळलं होतं. बुधवारी. काच लागली ते मला कळलं होतं, आणि मी बोलले नाही."

हे छताकडं बघत राहिले. "ठाऊक आहे," म्हणाले.

"कधीपासून?"

"ताप चढला तेव्हा सगळं आलं ध्यानात. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा तू मान फिरवलीस. खडा नसता तर तू फिरवली नसतीस, टक लावून बघितलं असतंस माझ्याकडं रागानं. एवढी वर्षं बघतोय तुला. मलाच तेव्हा सुचलं नाही."

मी रडले. तोंडात पदर कोंबून रडले. हे थांबवायला हात पुढं करतील असं वाटलं होतं. यांनी हात केला नाही.

"केतकीकडं जाताना पायसाल काढता आली असती मला," हे म्हणाले. "दुपारपुरती. डॉक्टरांनी शिकवलं होतं. पण मुद्दाम ठेवली. तुझ्या शपथेपायी तोंडानं सांगता येत नव्हतं. म्हटलं, पोरीचं घर हिच्या पायाला तरी लागू दे. नात पायावर उभी राहिली की तिचं वजन हिला कळू दे. एखाद दिवशी आपणच विचारेल, कोण आहे हो ते, आणि मग मी सांगीन."

मी विचारलं होतं. कसं विचारलं होतं ते तुम्हाला सांगितलंच.

दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर नवीन पायसाल घेऊन आल्या, उजव्या पायाची. एकच. आणि एकच पट्टी. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी घाईघाईनं साडी वर घेतली, पोटरी पुढं केली. "लावा," मी म्हटलं. "आता झोपेतसुद्धा काढायची नाही मी. देवाशपथ. अहो, सांगा ना त्यांना."

हे माझ्याकडं वळले. राग नव्हता चेहऱ्यावर, तेच वाईट होतं. लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाले, "केतकीला लावू दे. तुझ्यावर माझा राग नाही. पण एकच पाय उरलाय, जयमाला."

केतकीनं माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं. डॉक्टरांनी पट्टी तिच्या हातात दिली. ती उलटसुलट करून बघायला लागली. तिला काय कळणार? ते मलाच येत होतं. मी उठले आणि तिच्यापुढं गुडघ्यावर बसले. चार वर्षांनी लेकीच्या अंगाला हात लागला तो असा.

"टाच वर येऊ दे," मी सांगितलं. "इथं. बोटं खाली. आठ दिवस नुसत्या मुंग्या येतील, खाजवायचं नाही. मग गार-गरम कळायला लागेल. बोथट लागलं तर खडा. टच्चकन लागलं तर काच नाहीतर काटा, तेव्हा हातातलं टाकून ओरडायचं. कितीही रागावलेली असलीस तरी ओरडायचं. कळलं?"

"कळलं," केतकी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मी पट्टीची चारही टोकं अंगठ्यानं दाबून बसवली. हवा राहिली नाही ना, ते दोनदा बघितलं. डॉक्टरांनी यांना धरून उभं केलं, आणि यांनी उजवा पाय हळूच जमिनीवर ठेवला.

"काही कळलं का गं?" यांनी विचारलं.

मी मान वर करून हो म्हणणार होते. मग लक्षात आलं, हे केतकीला विचारत होते.